तोंडी परीक्षा

“इथे मदत मिळते ना?” बाईने विचारलं.

तिने दारावरच्या पाटीकडे बोट केलं. समाजकार्य विभाग. इतकं ढळढळीत लिहिलंय म्हटल्यावर शंका कशाला? समोरच्या इस्पितळात ती चादरी धुवायची आणि येता-जाता रोज ही पाटी वाचायची. आज पहिल्यांदाच जिना चढून आली होती, तीही धापा टाकत, ओले हात कपड्यांना पुसत.

बाकावर बसलेली मुलगी शेवटच्या वर्षाची. वर्गात सगळे तिला टॉपर म्हणायचे. आत तोंडी परीक्षा चालू होती, सोळा नंबर नुकताच गेला होता. हिचा सतरावा.

“इथे नुसतं शिकवतात,” टॉपर म्हणाली. “पण सांगा ना. मी ऐकतेय.”

बाईने एका दमात सांगून टाकलं. मुलगी सात वर्षांची. आजीजवळ असते, इथून दोन तासांच्या वाटेवर. नवरा वेगळा राहतो, कोर्टाने पोरीचा ताबा आईला दिलाय. आणि आत्ताच नणंदेचा चोरून फोन आला, की दादा आज चारला पोरीला शाळेतूनच उचलणार आणि थेट त्याच्या नव्या गावी नेणार. कुठलं गाव, ते नणंदेलाही ठाऊक नाही. आजीला जिना उतरवत नाही. पोलीस म्हणाले, नेली की मग या. शाळेत फोन केला तर कारकून म्हणाला, घरची भांडणं शाळेत आणू नका, आणि फोन ठेवूनच दिला.

“माझं कोण ऐकतंय? तुम्ही शिकलेल्या. विद्यापीठातून बोलतेय म्हणालात तर उठून उभे राहतील ते. एक फोन करा ताई, बाकी काही नको.” तिने शाळेच्या नंबराची चिठ्ठी पुढे केली.

सव्वातीन वाजले होते.

टॉपरने चिठ्ठी घेतली. पण पहिल्या मुलाखतीचे नियम तिला तोंडपाठ होते. घाई करायची नाही, आधी सगळी पार्श्वभूमी समजून घ्यायची. आणि खोटं कशाला बोला, मनाच्या एका कोपऱ्यात असंही आलंच, की केस काय झकास आहे! तिने वही उघडली.

“घरात एकूण माणसं किती?”

“अहो ताई, माणसं कसली मोजताय! फोन लावा ना.”

“लावते हो. लग्न कधी झालं?”

बाईने सांगितलं. नवऱ्याची नोकरी, दारू, पहिली मारहाण, सगळं सांगितलं, सारखं घड्याळाकडे बघत. उत्तरं संपली की फोन होईल, असं तिला वाटत होतं. वहीचं दीड पान भरलं.

“सतरा नंबर!” शिपायाने हाक दिली.

टॉपर ताडकन उठली. “पाच मिनिटं हं. आलेच मी.”

चिठ्ठी वहीतच राहिली.

आत तिघं होती. विभागप्रमुख मॅडम, एक सर आणि बाहेरून आलेले परीक्षक. सकाळपासून तीच ती उत्तरं ऐकून परीक्षक पार वैतागले होते.

“समाजकार्याच्या विद्यापीठीय शिक्षणाचं उद्दिष्ट काय?”

“ज्ञान, कौशल्यं आणि मूल्यं यांचा समन्वय साधून...”

“पुरे. सोळा वेळा ऐकलंय हे. जिवंत उदाहरण द्या.”

जिवंत उदाहरण बाहेर बाकावर बसलं होतं. टॉपर बोलायला लागली, आणि काय बोलली! ते ओले हात, नणंदेचा चोरटा फोन, कारकुनाचा तोरा, ती सात वर्षांची पोर. परीक्षक खुर्चीत सावरून बसले. शिकवल्याचं चीज झालं म्हणून मॅडमचा चेहरा खुलला.

“उत्तम! अशा वेळी तुमचं पहिलं पाऊल कोणतं?”

“शाळेला फोन,” ती चटकन म्हणाली. “विद्यापीठाच्या नावाने. अजिबात वेळ न घालवता.”

“अगदी बरोबर.” परीक्षकांनी कागदावर आकडा लिहिला. ती बाई आत्ता कुठे आहे, हे तिघांपैकी एकानेही विचारलं नाही.

आपलंच उत्तर ऐकून टॉपरने चमकून घड्याळाकडे पाहिलं. चारला दहा मिनिटं कमी होती. ती अर्धवट उठली. “सर, मी जाऊ?”

“थांबा हो, आत्ता कुठे मजा येतेय. अजून एकच प्रश्न.”

मॅडमनी डोळ्यांनीच दटावलं. ती बसली. पैकीच्या पैकी मार्क समोर दिसत असताना उठवत नाही हो! एकाचे तीन प्रश्न झाले. शेवटचा गोपनीयतेवर होता. काय उत्तर दिलं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

बाहेर आली तेव्हा चार वाजून सहा मिनिटं झाली होती. बाई दारालाच चिकटून उभी होती. टॉपरने वहीतली चिठ्ठी काढून नंबर लावला.

“नमस्कार, मी विद्यापीठातून बोलतेय...”

पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. बोला मॅडम, म्हणाला. मुलीचं नाव विचारून घेतलं, थांबायला सांगितलं, परत आला. हो, वडील आले होते. आत्ताच, पाच मिनिटं झाली असतील. गाडीतून घेऊन गेले. जरा आधी सांगितलं असतंत तर थांबवलं असतं ना मॅडम.

टॉपरने फोन खाली घेतला. तिचा चेहरा बघूनच बाईला कळलं. बाई मटकन बाकावर बसली. दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरून जमिनीकडे बघत राहिली.

“ताई, मला... मी...” टॉपर म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

बाईने मान वर केली. ती रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती.

“पास तरी झालात ना?” तिने विचारलं.