मूळ वेग

पोस्टमन चौथ्यांदा मेला. पहिल्याच मजल्यावर, लिफ्टच्या दारात.

"वेग वाढवलायस तू," सर म्हणाले.

"नाही सर. सेकंदाला पन्नास चित्रं. जुन्या यंत्रावर मोजली, तेवढीच इथे आहेत."

"मोजली म्हणे! हा खेळ मी लिहिलाय, पोरी. मनगटावरच्या घड्याळाशी सेकंद न सेकंद जुळवून. आणि मोजमाप तू मला शिकवतेस?"

प्रोग्रॅमरने खेळ पुन्हा सुरुवातीला आणून ठेवला. 'शेवटची डाक' सरांनी चाळीस वर्षांपूर्वी लिहिला होता, टीव्हीला जोडायच्या घरगुती कॉम्प्युटरसाठी. पोस्टमन थैली घेऊन नऊ मजले चढतो. प्रत्येक मजल्यावर लिफ्टचं दार क्षणभर उघडतं. तेवढ्यात आत उडी मारली नाही, तर दार त्याच्यावर मिटतं. तिने तो आजच्या मशीनवर नव्याने उभा केला होता. दोन वर्षं लागली. सोमवारी कंपनी तो बाजारात आणणार होती. 'खेळ मुळाबरहुकूम आहे' या कागदावर सरांची सही झाली तरच.

याआधी दोनदा त्यांनी तिला परत पाठवलं होतं. एकदा भिंतीच्या निळ्या रंगावरून, एकदा पावलांच्या आवाजावरून. दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर निघालं होतं.

पाचव्या खेपेला तिने पडद्याकडे पाहिलंच नाही. सरांच्या बोटाकडे पाहिलं. दार उघडलेलं त्यांना दिसत होतं. बोट निघत होतं, थरथरत होतं, आणि बटणापर्यंत पोहोचेतो दार मिटत होतं.

सरांच्या पत्नी, काकू, त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. सरांच्या डोक्यावरून त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि तळहात हलकेच खाली दाबला. बाळ झोपलेलं असताना आवाज कमी करायला सांगतात, तसा.

"सर, एक मिनिट," ती म्हणाली. "एक सेटिंग राहिलंय बहुतेक."

लॅपटॉप स्वतःकडे वळवून तिने पन्नासचे चव्वेचाळीस केले.

पोस्टमन लिफ्टमध्ये शिरला. दुसऱ्या मजल्यावर शिरला, तिसऱ्यावर शिरला. सरांची टाच जमिनीवर ताल धरू लागली.

"हा! हाच तो! इतका वेळ कुठे दडवलं होतंस याला?"

"आता हसताय," काकू म्हणाल्या. "सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतंत."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला नाहीच कळत. पोस्टमन वर गेला, एवढं कळलं."

प्रोग्रॅमरने कागद पुढे सरकवला. सही झाली की ऑफिसात जाऊन पुन्हा पन्नास करायचे. एका आकड्याचं काम. कोणाला पत्ता लागणार नव्हता.

"सही करतो," सर म्हणाले. "पण ही प्रत मला पेनड्राइव्हवर दे. बाजारात येईल ती मी हिच्याशी ताडून बघणार. केसभर जरी फरक पडला, तर सही मागे घेतली असं जाहीर पत्र काढीन."

"सर, लोकही ताडून बघतात. जुनी मशीनं अजून आहेत त्यांच्याकडे. कॅमेरा लावून मोजतात."

"मोजू देत की. त्यांना माझी सही दाखव. माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे का?"

पहिल्या अर्ध्या तासात कोणीतरी मोजणार होतं. तिचं नाव खेळाच्या पहिल्याच पडद्यावर होतं.

"थांब," सर म्हणाले. "सही करायची तर नीट करू. घड्याळ लावून बघतो."

त्यांनी शर्टाची बाही वर सारली आणि खेळ नव्याने सुरू केला. पोस्टमन तळमजल्यावर नुसता उभा राहिला. पडद्याच्या कोपऱ्यात खेळाच्या सेकंदांचा आकडा चित्रांच्याच वेगाने वाढत होता. वीस. तीस. ती मनातल्या मनात वाक्य जुळवत होती: सर, माझी चूक झाली, मी मगाशी वेग कमी केला. काकू तिच्याकडे बघत नव्हत्या. सरांच्या मनगटाकडे बघत होत्या.

पडद्यावर साठ झाले, तेव्हा घड्याळात अडुसष्ट सेकंद झाले होते.

सरांनी पडदा पाहिला. घड्याळ पाहिलं. मग स्वतःचा हात पाहिला, जरा जास्तच वेळ.

"सर, मी मगाशी..." तिने सुरुवात केली.

"घड्याळ पुढे पळतंय," सर म्हणाले.

ते पट्टा सोडवू लागले. बक्कल दोनदा निसटलं. काकूंनी मदतीला हात पुढे केला नाही. शेवटी घड्याळ सुटलं.

"हेही बिघडलं. हल्ली वस्तूच धड मिळत नाहीत. घड्याळजीला दाखव गं."

"दाखवते," काकू म्हणाल्या.

"आणि पेन दे."

काकूंनी टेबलाचा ड्रॉवर ओढला, पेन काढून सरांना दिलं. सर कागदावर वाकले आणि सावकाश एकेक अक्षर काढत सही करू लागले. काकूंनी घड्याळ ड्रॉवरमध्ये ठेवलं. आत सरांची आणखी दोन मनगटी घड्याळं होती, एकाला एक लावून नीट ठेवलेली. ड्रॉवर बंद होण्याआधी प्रोग्रॅमरला दिसलं, तिन्हींचे सेकंदकाटे अगदी एकत्र पुढे सरकत होते.