मायनं सांगितलेला चेहरा

पडदा ओढला गेला, टाळ्या पडल्या, आणि सूर्यभाननं आधी मायकडं पाहिलं. शहरात, औरंगपुऱ्यातल्या नव्या इमारतीसमोर मनकर्णाबाई खुर्चीच्या कडेला अवघडून बसली होती. गुडघ्यांनी जेर केलेलं, तरी आजच्यासाठी गंगापूरकडच्या गावाहून आली होती.

दर्शनी भिंतीवर सूर्यभाननं घडवलेलं काळ्या दगडातलं भलंमोठं शिल्प होतं. रझाकारांच्या धामधुमीत मारल्या गेलेल्या गावकऱ्यांचं. सगळ्यात पुढं उभा असलेला माणूस म्हणजे सूर्यभानचा बाप, बद्रीनाथ. त्याला गोळी घातली तेव्हा सूर्यभान पाळण्यात होता. घरात बापाचा फोटोसुद्धा नव्हता.

"चेहरा कुणाचाही चालेल," काम देताना इमारतीचे इंजिनिअर म्हणाले होते. सूर्यभानला चालणार नव्हतं. तो गावी गेला, कागद-पेन्सिल घेऊन मायसमोर बसला.

"माय, बा दिसायला कसा होता?"

मायला आठवावं लागलंच नाही. भडाभडा सांगत गेली. जुळलेल्या भुवया. नाकाला बाक. जाड खालचा ओठ, गालावर देवीचे वण. इतक्या वर्षांनी माय काहीच विसरली नाही, या विचारानंच त्याला भरून आलं.

पडेगावच्या आपल्या शेडमध्ये त्यानं तो चेहरा घडवला. गालावरचे वण कोरताना छिन्नी अगदी हलकी धरली, दुखेल म्हणून. संध्याकाळी हत्यारं ठेवली की तो दगडाशी बोलत बसायचा. जन्मात पहिल्यांदा त्यानं कुणाला तरी 'बा' म्हणून हाक मारली होती.

पाहुण्यांनी शिल्पाला हार घातला. लोक रांगेनं पाया पडू लागले. सूर्यभान मायला हाताला धरून पुढं घेऊन गेला. तिनं मान वर केली, आणि तिचा हात त्याच्या मुठीत ताठ झाला.

"माय? बासारखा नाय झाला का?"

"लई हुबेहूब झाला," ती कशीबशी म्हणाली. "पण हा तुझा बा नाय रं. ह्यानंच बंदूक चालवली. आपल्या दारात."

मागची रांग पुढं सरकत होती.

"आन् बा?" त्यानं विचारलं. "बा कसा होता?"

मनकर्णाबाईनं डोळे गच्च मिटून घेतले.

"हाच येतो रं डोळ्यापुढं," ती म्हणाली. "दुसरं तोंडच येत नाय."