सव्विसावी कॅसेट

बेला गावच्या धम्मपालकाकांनी आदिलाबादच्या ध्वनिसंग्रहाला युद्धविरोधी सभांच्या सव्वीस कॅसेट दिल्या होत्या. तिथे काम करणाऱ्या वृषालीने पंचवीस ऐकल्या. आईचं गाणं एकीतही नव्हतं.

"असंन वं," घशाच्या ऑपरेशननंतर गाणं सुटलेली तिची आई रुख्मिणी म्हणाली. "भाऊजी म्हनले ना, वैनी, तुमचा आवाज जिवापाड जपून ठेवला."

शेवटच्या कॅसेटवर ते लागलं. 'नको लढाई, नको…' रुख्मिणीने डोळे मिटून मान डोलावली. तेवढ्यात खट्ट झालं आणि त्याच गाण्यावर भरलेलं काकांचं भाषण सुरू झालं, "आता एकदाची लढाई होऊनच जाऊ द्या." टाळ्या पडल्या.

"चालू दे," रुख्मिणी म्हणाली. "गानं मोरं असंन."

वृषालीने कॅसेट शेवटपर्यंत ऐकवली. काकांचं भाषण एकोणतीस मिनिटं होतं, आईचं गाणं सात सेकंद.