चार नंबरची गाडी
विमलाबाईंनी नवऱ्याशी अबोला धरला होता, त्याला आज दोन दिवस झाले. "हिला तर कसारा घाटातसुद्धा उलटी होते," असं तो नाशिकहून आलेल्या अख्ख्या ग्रुपसमोर हसत हसत बोलून गेला होता. तेव्हापासून लडाखच्या उघड्याबोडक्या डोंगरांतून जाताना कॅरव्हॅनमध्ये बाई पुढे ड्रायव्हरशेजारी आणि नवरा मागे, पडद्याआड. सकाळी निघताना ग्रुपलीडरने वॉकीटॉकीवर विचारलं, "चार नंबर, सगळे आत?" वळून बघितलं असतं तर माघार घेतल्यासारखं झालं असतं. बाई म्हणाल्या, "हो." पण तासभर झाला तरी मागून साधं खोकणंही ऐकू येईना, तशी त्यांची चुळबुळ सुरू झाली. "कुंदन, त्यांना विचार, चहा हवाय का." ड्रायव्हरने मोठ्याने विचारलं, मग पुन्हा एकदा. शेवटी बाईंनी तिरीमिरीत उठून पडदा ओढला. गादीवर नुसता स्वेटर पडला होता. "गाडी फिरव रे! माणूस मागे राहिला!" त्या वॉकीटॉकीचं बटण दाबायला गेल्या. तेवढ्यात तोच खरखरला, "सहा नंबर बोलतोय. चारवाले काका सकाळपासून आमच्या गाडीत आहेत. ते विचारताहेत, चारमधल्या बाईंनी बीपीची गोळी घेतली का?" सगळ्या गाड्या ऐकत होत्या. कुंदन हळूच म्हणाला, "काय सांगू, मावशी?" स्वेटर छातीशी धरून बाईंनी बटण दाबलं, "अहो, एवढ्या थंडीत स्वेटर न घालता कुठे उंडारताय?"