बेटावरचा दरवाजा

उंबरठ्याच्या दगडापाशी येऊन तानुबाई जी थांबली, ती थांबलीच. देवमन मास्तर आणि खुशालराव पाटील बोलता बोलता पंधरा पावलं आत गेले होते. मागे वळून पाहतात तर देवमनची म्हातारी माय बाहेरच. डोक्यावरचा पदर सारखा करून, मान वर करून ती कमानीकडे बघत होती.

देवमनला ज्याची धास्ती होती तेच झालं होतं.

तशी जागाच अशी की कोणीही थबकावं. नदीला इथं दोन फाटे फुटतात आणि मधे बेट राहतं. बेटावर टेकाड, टेकाडावर हा किल्ला. पौषात पाणी गुडघ्याखाली येतं, तेव्हाच माणूस इकडे फिरकतो. निम्मा तट कधीच ढासळला होता. पण जे उभं होतं ते असं उभं होतं, की बघणाऱ्यानं आपली पाठ ताठ करावी. चिऱ्यावर चिरा असा बसवलेला, की मधे बाभळीचा काटा जाऊ नये. वाट मुद्दाम दोनदा मोडून आणलेली, का, तर दुश्मनाच्या हत्तीला धाव घ्यायला जागा मिळू नये. बुरुजावरून दोन्ही धारा दिसत, पलीकडे फुटलेल्या कपाशीची पांढरीफेक शेतं, आणि पार टोकाला सातपुड्याची निळी रेघ. बांधणाऱ्याच्या हाताला काय म्हणावं! देवमनला तर हात जोडावेसे वाटले होते.

पाटलांना या किल्ल्याचं भारी वेड. ते शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष, देवमन त्याच शाळेत मास्तर. मास्तर, तुम्हाले आपला गड दाखवतो, असं ते दिवाळीपासून म्हणत होते. शेवटी त्यांनी बैलांची दमणी जुंपली. माझ्या मायचं माहेर नदीच्या अलीकडेच आहे, तिलाही घेऊ का, असं देवमननं भीत भीत विचारलं. घ्या की, पाटील म्हणाले. म्हातारी सगळ्या वाटेनं दमणीच्या मागच्या कडेला, पाय बाहेर सोडून बसली. पाटलांनी दोनदा पुढे बोलावलं. ती हूं म्हणाली आणि तिथंच राहिली.

माहेराचं तर निमित्त होतं. देवमनच्या मनात वेगळंच होतं. आपल्या मायनं जन्मात एकदा तरी मोठ्या दरवाज्यातून, मधोमध, मान वर करून आत जावं, एवढं त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. उभा जन्म तिनं दारांच्या बाहेर काढला होता. देवळाच्या पायरीखाली, दुकानाच्या फळीपासून हातभर दूर, आणि याच पाटलांच्या वाड्यावर गोठ्याच्या भिंतीशी. छप्पन साली ती नागपूरला गेली, पांढरं लुगडं नेसली, दीक्षा घेतली. घरातले देव तिनं स्वतःच्या हातानं नदीत सोडले. तिथं तिचा हात कापला नाही. पण पाय काही ऐकेनात. मागच्याच महिन्यात अकोल्याला कचेरीच्या दारात ती दोन तास उन्हात उभी राहिली होती. आत बाकडं रिकामं होतं. देवमनला तेव्हा रडू आलं होतं, आणि तिचा रागही आला होता.

आणि आज, जिथं ना पुजारी ना शिपाई, दाराला फळ्यासुद्धा उरल्या नाहीत, तिथंही ती थांबलीच. तेही पाटलांच्या देखत. देवमनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पाटलांच्याही ते ध्यानात आलं. माणूस मनाचा वाईट नव्हता. त्यांनी आवाज होईल तेवढा मऊ केला.

"ये ना व तानुबाई, आत ये. भेऊ नको. आता तुले कोनी अडवत नाही."

तानुबाईनं कमानीवरची नजर खाली आणली. आधी पोराकडे पाहिलं, मग पाटलांकडे. एक पाऊल पुढे आली आणि ऐन उंबरठ्यावर, मधोमध उभी राहिली.

"मले कोन अडवते?" ती म्हणाली. "माह्या आज्याचा आजा या दरवाज्यावर नाईक होता. नाव-गाव इचारल्याबिगर त्यानं कोनाले आत जाऊ देल्लं नाही. राजालेबी नाही. मी मघापासून पाहून राहिली, तुमी दोघं तसेच आत घुसले."

राजे किती झाले, वेढे किती पडले, कोणत्या बुरुजावर कोणती तोफ होती, हे सगळं पाटलांना पाठ होतं. दरवाज्यावर कोण उभं असायचं, हे मात्र त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. देवमननं तरी कुठं विचारलं होतं?

पाटील हलले. म्हातारीला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून तिच्या बाजूनं बाहेर गेले. बाहेर जाऊन तिच्याकडे तोंड करून उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"खुशालराव किसनराव, राहणार पिंपळखुटा," ते म्हणाले. "गड पाहाले आलो."

तानुबाईनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट न्याहाळलं. घाई केली नाही. मग ती एक पाऊल बाजूला सरली.

"या," ती म्हणाली.

पाटील मान लववून आत आले. देवमन मुकाट्यानं बाहेर गेला, आणि आपलं नाव सांगायला मायसमोर उभा राहिला.