अकरावा फोटो

वायर बसेना. श्रुतिकानं उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, पण कॅमेऱ्याची वायर मोबाइलमध्ये जायलाच तयार नाही. जाणार कशी? कॅमेरा पंधरा वर्षांपूर्वीचा, मोबाइल गेल्या दिवाळीतला. कारखान्यात आत मोबाइल न्यायला बंदी, म्हणून फोटो या जुन्या डब्यावरच काढायचे. ऑफिसचा लॅपटॉप नेमका आजच दुरुस्तीला गेलेला. आणि मालक कोइमतूरच्या विमानतळावर त्याच फोटोंची वाट बघत बसलेले. साडेचारला त्यांचं विमान. आता सव्वातीन झाले होते.

"होतंय का नाही तुझं?" मॅनेजर सुबोध साहेबांनी केबिनमधून मान बाहेर काढली. "फोटो गेले की मालक हो म्हणतील. सहदेवला आजच घरी बसवतो."

सहदेव राणे बाहेर बाकावर बसला होता. मरोळच्या त्या गाळ्यात एकवीस वर्षं प्रेस मशीन चालवणारा माणूस. सोमवारी त्याच्या मशीनवर डाय तुटली. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा. एक तुटला की अख्खी ऑर्डर लटकते. सुबोध साहेबांचं म्हणणं, सहदेवनं घाईत एकावर एक दोन पत्रे घातले. सहदेव हो म्हणेना, नाहीही म्हणेना. असा मुका बसलेला माणूस दोषीच वाटतो. श्रुतिकालाही तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. कारण डाय तपासायचं काम तिचं. तिचे प्रोबेशनचे सहा महिने येत्या शुक्रवारी संपत होते. कायम झाल्याचं पत्र टाइप होऊन पडलं होतं, आणि भांडुपला आईनं शेजारपाजारी सांगूनही टाकलं होतं.

"ती वायर सोड ना, चिप काढ," पॅकिंगची फ्लेविया म्हणाली. "कार्ड रीडर मिळतो बघ, इवलासा. गेटसमोरच्या मोबाइलवाल्याकडे असेल. एका बाजूनं चिप घाल, दुसरी बाजू फोनात खुपस. झालं काम!"

श्रुतिका धावत गेली आणि धावत आली. कॅमेऱ्याच्या पोटातून चिप काढली, रीडरमध्ये सरकवली, रीडर मोबाइलला लावला. मोबाइलनं विचारलं, उघडू का? उघड बाबा! आत एक फोल्डर, फोल्डरमध्ये अकरा फोटो. सगळे निवडले, कॉपी केले. अर्ध्या मिनिटात झकास! आणि एवढ्यासाठी ती तासभर वायरीशी झोंबत होती.

पाठवण्याआधी तिनं फोटो एकदा चाळले. कॅमेऱ्याच्या मागची काच काडेपेटीएवढी. तिच्यात सोमवारी फोटो काढताना नुसते दोन तुकडे दिसले होते. आता अकरावा फोटो तिनं दोन बोटांनी मोठा केला. तुटलेली कड अख्ख्या स्क्रीनवर आली.

ताजं तुटलेलं पोलाद आतून चांदीसारखं पांढरं असतं. इथं पांढरी होती जेमतेम करंगळीएवढी जागा. बाकी सगळा तांबूस गंज. म्हणजे तडा जुना, कित्येक आठवड्यांचा. सहदेवनं एक पत्रा घातला असता तरी डाय तुटणारच होती. आणि बारा दिवसांपूर्वी त्याच डायच्या तपासणी-कार्डावर 'ओके' लिहून सही केली होती श्रुतिकानं. त्या दिवशी तिला लवकर निघायचं होतं. डाय रॉकेलनं पुसून भिंगाखाली बघायची, ते सोडून तिनं तेलानं माखलेली तशीच वरवर बघितली होती. वाट लागली!

बाकीचे दहा फोटो दुरून काढलेले. त्यांत गंजबिंज काही दिसत नव्हतं. दहाच पाठवले तर अकरावा मागणार कोण होतं? तिला आईचा चेहरा आठवला. शेजारणींना पेढे कधी देते, असं रोज विचारणारी आई. मग खिडकीच्या काचेतून सहदेव दिसला. जेवणाचा डबा न उघडताच मांडीवर घेऊन बसलेला. श्रुतिकाला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

तिनं मालकांना अकराच्या अकरा पाठवले. खाली लिहिलं, 'तडा जुना आहे. तपासणीत माझ्या हातून सुटला. सहदेवकाकांची चूक नाही.' मग मोबाइल टेबलावर उपडा ठेवला आणि ढसाढसा रडली.

चारला पाच कमी असताना केबिनमधला फोन वाजला. सुबोध साहेब बराच वेळ नुसतं 'जी, जी' करत राहिले. मग बाहेर आले.

"अक्कल गहाण टाकली होतीस का गं त्या दिवशी?" ते कडाडले. मग त्यांचा आवाज जरा उतरला. "ते पत्र फाडायचंय. अजून तीन महिने प्रोबेशन. आणि आजपासून प्रत्येक डाय सहदेवला शेजारी उभा करून तपासायची. त्याच्याकडून शिकू दे पोरीला, म्हणाले मालक. सहदेव, ऊठ, मशीनवर जा."

श्रुतिका बाकापाशी गेली. डोळे पुसायचंही भान नव्हतं तिला.

"काका, माफ करा. पण तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत! एकवीस वर्षं पोलाद हाताळताय, तो गंज तुम्हाला दिसला नाही?"

"दिसला ना गो. तुकडे मीच तर उचलले," सहदेव उठत म्हणाला. "पण माझी एकवीस वर्षं भरली होती, बाय. तुझे सहा महिने अजून भरायचे होते."