हरायची अक्कल

पहिली निवड जाहीर झाली आणि रमणने हातातली चकली बशीत परत टाकली.

"गेला," तो म्हणाला. "पोरगा हातचा गेला."

टीव्हीवर तो पोरगा, यंदाच्या नव्या खेळाडूंतला सगळ्यात चांगला क्वार्टरबॅक, भलत्याच संघाची टोपी घालून आईला मिठी मारत होता. शार्दूल सोफ्यावर नुसता बसून राहिला. अमेरिकेत नोकरीला असताना त्याला या फुटबॉलचं वेड लागलं आणि नेमका सदा हरणारा संघ त्याच्या गळ्यात पडला. न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनला आल्यावरही ते खूळ गेलं नाही. अमेरिकेत रात्री होणारा ड्राफ्ट इथे शुक्रवारी भर दुपारी दिसतो. शार्दूल, त्याच्या ऑफिसातला रमण आणि शार्दूलची मुलगी इरा दरवर्षी जर्सी घालून टीव्हीसमोर बसायचे आणि इराची आई अक्षता तिघांची चेष्टा करत वडे तळायची. यंदा अक्षता नव्हती. चकल्या दुकानातल्या होत्या आणि मऊ पडल्या होत्या.

ड्राफ्टचा नियम सोपा. गेल्या मोसमात जो संघ सगळ्यात जास्त हरला, त्याने नव्या खेळाडूंमधून सगळ्यात आधी निवडायचं. इरा लहान असताना शार्दूलनेच तिला तो शिकवला होता. तिला तो फार आवडला होता. जो हरला, त्याला आधी.

"शेवटची मॅच जिंकायची काही गरज होती का?" रमणचा राग उतरत नव्हता. "हरले असते तर आज पहिला नंबर आपला होता. त्या दुसऱ्यांनी बघ, सरळ टँकिंग केलं. चांगले खेळाडू बाकावर बसवले आणि मुद्दाम हरले."

"दॅट्स चीटिंग, रमणकाका," इरा म्हणाली. "मुद्दाम हरलं तर ते हरणं नाहीच ना."

"अगं, पण पोरगा मिळाला ना त्यांना!"

"हरायलाही अक्कल लागते, बाळा," शार्दूल म्हणाला.

मग त्यांच्या संघाची पाळी आली. संघाने एक दांडगा, गरीब चेहऱ्याचा बचावपटू घेतला. तिकडच्या सभागृहात लोकांनी हुर्यो केली, इकडे रमणने कपाळावर हात मारला. टाळ्या एकट्या इराने वाजवल्या.

पण शार्दूलचा जीव त्या निवडीत नव्हताच. अक्षता दुपारच्या विमानाने यायची होती. उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या जानेवारीत, दोघं वेगळी झाली, अक्षता ऑकलंडला गेली, आणि शाळेची टर्म संपेपर्यंत इराने बाबाकडे राहावं असं ठरलं. टर्म संपली होती. आता कुठे राहायचं हे इराने आज सांगायचं होतं. ती इथेच राहावी, याखेरीज शार्दूलला दुसरं काही नको होतं.

तोंडाने तो तसं कधी म्हणाला नाही. घरच सगळं बोलायचं. पडदे ओढलेले असायचे. सिंकमध्ये भांडी साचलेली. रविवारी चार घरांना बोलावून मिसळ खाऊ घालणारा माणूस आता टोस्टवर डब्यातले बीन्स ओतायचा. संध्याकाळी कोपरात भोक पडलेला स्वेटर घालून दिवा न लावता बसायचा. "माझं काय, राहीन कसाही," म्हणायचा. मग इरा दिवा लावायची, भांडी घासायची आणि त्याच्याजवळ येऊन बसायची. खरं सांगायचं तर त्याला तेवढ्यासाठी संध्याकाळ व्हावीशी वाटायची.

अक्षताचा व्हिडिओ कॉल मात्र कायम हसतखेळत. "मी मजेत गं. अवोन्डेलच्या मार्केटात मेथी काय मिळते, हीप्स, ढिगाने नुसती." नोकरीचं विचारलं की, "ही नाही मिळाली, पुढची मिळेल. स्वीट ॲज, काही बिघडत नाही." तिच्यामागे खोलीतला दुसरा पलंग दिसायचा. त्यावरची चादर ताणून घातलेली, जिच्यासाठी घातली ती तिथे नाही. तिची स्वतःची बॅग अजून भिंतीशी तशीच बंद उभी होती. बोलता बोलता आवाज बारीक झाला की, कुकर झाला म्हणून ती फोन ठेवायची. शिट्टी कधी ऐकू यायची नाही.

रमण उठला. वाऱ्याने खिडक्या वाजत होत्या. दारात बूट घालताना त्याला आठवलं.

"अरे, बुधवारच्या शेअर्ड लंचची सगळे अजून आठवण काढतात हं. ऑफिसच्या किचनमध्ये मिसळ केलीस ना ती. गोऱ्यांनीसुद्धा रस्सा ओरपला. आणि इरा, तुझा बाबा मॅनेजरची नक्कल करतो ती बघितलीस का? रोज डबा खाताना हसून हसून पुरेवाट होते आमची."

शार्दूलने इराकडे पाहिलं. इरा सिंककडे बघत होती. बुधवारी रात्री तिने टोस्ट खाल्ला होता.

दार लागलं. शार्दूलने टीव्ही बंद केला आणि सवयीने पडद्याला हात घातला. इरा आत गेली. परत आली तेव्हा तिच्या पाठीला मोठी सॅक होती आणि डोळे लाल होते.

"मी आईकडे जाते, बाबा."

 शार्दूलला खरंच रडू येत होतं, पण आता ते बाहेर कसं काढावं हे त्याला कळेना.

"माझी अवस्था बघतेस ना?" तो म्हणाला. "तुझाच नियम आहे ना, जो जास्त हरला त्याला आधी? सगळ्यात जास्त तर मीच हरलोय."

इराने पडदा पूर्ण उघडला. मग ती त्याच्याजवळ आली, लहानपणी यायची तशी, आणि भोकातून बाहेर आलेल्या त्याच्या कोपरावर तिने हात ठेवला.

"नाही, बाबा. आई हरलीय. ती रोज जिंकायला खेळते आणि तरी हरते," ती म्हणाली. "यू वेअर टँकिंग."